दिवंगत शिक्षकाची पत्नी आणि अनुदानाची तारीख



महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनुसार दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीस अथवा पतीस दरमहा मिळणाऱ्या रकमेस कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात, आणि त्याचा सर्वसाधारण दर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना मात्र परिभाषित अंशदान योजना, म्हणजे वेतनातील कपात आणि शासनाचा हिस्सा यांतून निधी साठविण्याची पद्धत, लागू झाली. तरुण वयात मृत्यू आलेल्या शिक्षकाच्या खात्यावर असा निधी थोडाच साठलेला असतो, त्यामुळे ज्या घराला आधाराची निकड सर्वाधिक त्याच घराच्या वाट्याला तो सर्वांत कमी आला. मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांच्या संपानंतर, ३१ मार्चच्या शासन निर्णयाने सेवेत असताना मृत्यू पावलेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट पुन्हा खुली केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

खरी कोंडी आहे ती विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांची. टप्पा अनुदान म्हणजे शाळेला वेतन अनुदान एकदम न देता टक्क्याटक्क्याने वाढवीत नेणे. या वाटचालीत अनेक शाळा शंभर टक्क्यांपर्यंत २००५ नंतर पोहोचल्या, आणि २९ नोव्हेंबर २०१० च्या शासन निर्णयामुळे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रीतसर मान्यता घेऊन नेमलेले शिक्षकही अंशदान योजनेत ढकलले गेले. ज्याने अल्प मानधनावर, कित्येकदा त्याशिवायही, वर्षानुवर्षे वर्ग सांभाळला, त्याच्या पत्नीचा हक्क शाळेला पूर्ण अनुदान कधी मिळाले यावरून ठरावा, हे या शिक्षक अधिवेशनाच्या स्वागत समितीस अन्यायाचे वाटते. कारण ती तारीख ना त्या शिक्षकाच्या हाती होती, ना त्याच्या पत्नीच्या.

कागदपत्रांचा प्रश्नही लहान नाही. सेवापुस्तकातील नोंदी अपुऱ्या राहिल्या, किंवा नामनिर्देशन, म्हणजे मृत्यूनंतर देय रक्कम कोणास द्यावी याची लेखी नोंद, झालेच नसेल, तर प्रस्ताव शाळा आणि शिक्षणाधिकारी कार्यालय यांच्यामध्ये फिरत राहतो आणि त्या फेऱ्या पतीच्या निधनाने खचलेल्या स्त्रीस माराव्या लागतात. नोंदी दरवर्षी पडताळणे हे मुख्याध्यापकांचे काम आहे, आणि येथे उपस्थित असलेल्यांनी ते चालू शैक्षणिक वर्षातच पुरे करावे, अशी समितीची आग्रहाची विनंती आहे. मूळ अन्याय दूर व्हावा म्हणून, अनुदानाच्या तारखेऐवजी पहिल्या नियुक्तीचा दिनांक हाच कुटुंब निवृत्तिवेतनाच्या हक्काचा आधार मानावा, असा ठराव समिती आजच्या खुल्या अधिवेशनापुढे ठेवीत आहे.