रोजच्या वाटेचा हिशेब

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. धम्माच्या सभेत एस.टी., सायकल आणि पायवाट यांचे काय काम, असे कोणी मनात म्हणतही असेल. परंतु माणसाला कोठे जाता येते आणि कोठे जाता येत नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुले महारांची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर झालेले असतानाही चाळीसगावी एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार झाला नाही. पदवीने भाडे चुकते झाले असते, विटाळ चुकला नाही.

तो नकार आज गुन्हा आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक रस्ते सर्वांना मोकळे केले आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात अस्पृश्यतेच्या कारणाने मज्जाव करणे शिक्षापात्र ठरविले. परंतु गाडीत बसण्याचा हक्क मिळाला म्हणजे गाडी गावापर्यंत आली, असे होत नाही. हक्क कागदावर असतो, गाडी फाट्यावर असते आणि आपली वस्ती फाट्यापासून दोन कोसांवर असते. म्हणून या प्रश्नाकडे आकड्यांच्या आधारे पाहू.

२०११ च्या जनगणनेत सरकारने एक उपयुक्त प्रश्न विचारला. तुम्ही कामाला किती दूर जाता आणि कशाने जाता? उत्तरे बोलकी आहेत. ज्यांना हा प्रश्न विचारला गेला त्या सुमारे २० कोटी कामकऱ्यांपैकी ३० टक्क्यांना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता. घरातच किंवा घरालगत त्यांचे काम होते. सुमारे २३ टक्के पायी जात, १३ टक्के सायकलने, जवळजवळ तितकेच मोटारसायकल वा स्कूटरने, ११ टक्क्यांहून थोडे अधिक बसने. मोटारीने जाणारे शंभरात तीनही नव्हते. वृत्तपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरलेली असतात. त्यांवरून देशाची कल्पना करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

परंतु या तक्त्यात एक गोष्ट आहे, जी वऱ्हाडातल्या माणसाने नीट पाहिली पाहिजे. त्या वर्षी देशात एकूण कामकरी ४८ कोटींहून अधिक होते. मग प्रश्न २० कोटींनाच का विचारला? कारण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात राबणारे यांना त्यातून वगळले होते. शेतकरी सुमारे ११ कोटी ९० लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४० लाख. या २६ कोटी माणसांच्या प्रवासाची नोंद नाही. बहुधा असे गृहीत धरले असावे की शेतात काम करणारा मनुष्य शेताजवळच राहतो, त्याला प्रवास कसला?

ज्याचे स्वतःचे वावर आहे त्याच्याबाबत हे अंशतः खरे असेल. मजुराच्या बाबतीत ते खरे नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत काम करणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वर्ग शेतमजुरांचा आहे. निंदणाच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीला, कापसाच्या वेचणीला आपल्या बाया ज्या वावरात काम निघेल त्या वावरात जातात. आज एका गावच्या शिवारात, उद्या दुसऱ्या. सकाळी काळीपिवळीत किंवा मालवाहू ऑटोत पंधरा-वीस जणी दाटीने उभ्या राहून जातात, नाही तर पांदणीने पायी जातात. काळ्या मातीची ती पांदण पावसाळ्यात पाय धरून ठेवते. हा प्रवास नव्हे काय? शहरातला कारकून दोन मैल सायकलने गेला तर त्याची नोंद होते आणि डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन चार मैल चालणारी मजूर स्त्री त्या तक्त्यात शून्य ठरते. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी रस्ता आखला जात नाही, गाडीही सोडली जात नाही.

पाण्याचेही तेच आहे. २०११ मध्ये देशातील १७.६ टक्के कुटुंबे पिण्याचे पाणी घरापासून दूरून आणीत होती. दूर म्हणजे खेड्यात अर्ध्या किलोमीटरपलीकडून. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे राहणाऱ्यांना ही वाट मी काय सांगावी! हाही घरचा रोजचाच प्रवास, फक्त त्याला तिकीट नाही आणि मजुरीही नाही.

आता खर्चाकडे वळू. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीनुसार खेड्यातील माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये होता. त्यातील सुमारे साडेसात टक्के, म्हणजे जवळपास २८५ रुपये, येण्याजाण्यावर गेले. पाच माणसांचे घर धरले तर महिन्याला १,४०० रुपयांहून अधिक. तृणधान्यावरील खर्च पाच टक्क्यांच्या आतच होता. रेशनच्या धान्यामुळे तो आकडा खाली आलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. तरीही विकत घेतलेल्या ज्वारी-गव्हापेक्षा वाटेवर अधिक पैसा जातो, ही गोष्ट साधी नाही. शिवाय ही सरासरी आहे. पेट्रोल भरणारा जमीनदार आणि पायी जाणारा मजूर यांना एका तागडीत घातल्यावर आलेला तो आकडा आहे.

वाहने वाढली, हे खरे आहे. २०११ मध्ये शंभरातील २१ घरी दुचाकी होती आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ती जवळपास निम्म्या घरी दिसली. प्रगती म्हणावी अशीच ही गोष्ट आहे. पण मला विचारायचे आहे ते निराळे. ती गाडी घरातला कोण चालवतो? बहुतेक घरी किल्ली मुलाच्या खिशात असते. सून दवाखान्यात जायची असेल तर कोणाला तरी वेळ मिळेपर्यंत थांबते आणि मुलगी एस.टी. वर अवलंबून राहते. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घराने ही किल्ली कोणत्या खुंटीवर अडकवायची, ते ठरवावे.

म्हणूनच आपल्या घरांसाठी सार्वजनिक गाडीचे मोल मोठे आहे. पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना एस.टी. चा पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी. चा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा खाजगी गाडीचे भाडे न परवडणाऱ्या घरांतील मुलींच्या शाळेचे काय झाले असेल, ते आपणांस सांगावयास नको. संपकऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूतीच आहे. मी केवळ अवलंबन किती आहे ते दाखवीत आहे.

रेल्वेची कथा अशीच. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंद मार्गाची शकुंतला गाडी इंग्रज कंपनीने कापसासाठी घातली, पण पुढे ती गोरगरिबांचीच झाली. ती आता बंद आहे. अकोला-अकोट ही मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी थांबली, ती २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजवर पुन्हा धावू लागली. मधली वर्षे त्या भागाने रस्त्यावर काढली. त्याच २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. विक्रमाचा आनंद आहे. ज्या वेगाने महामार्ग झाला त्याच्या दशांश वेगाने वस्तीची पांदण पक्की व्हावी, एवढेच मागणे आहे.

आता जनगणना पुन्हा येत आहे. तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ हा आहे. २०११ मध्ये अकोला जिल्ह्यात सुमारे १८ टक्के आणि अमरावतीत सुमारे १३ टक्के लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध राहूनही अनुसूचित जातीचा दर्जा टिकतो. म्हणून गणनेच्या वेळी धर्माबाबत भय बाळगू नये. कामाच्या प्रश्नाला उत्तर देताना घरातील स्त्रियांचे काम सांगावयास विसरू नये. गणक घरी येतो तेव्हा पुरुषच बोलतो आणि 'ती घरीच असते' म्हणून मोकळा होतो. कालपर्यंत ती वेचणीला जात होती, हे त्याच्या लक्षातही नसते.

आणि गणक जे विचारणार नाही ते आपणच लिहून ठेवू. येत्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने एका वहीत सात दिवस टिपण करावे. कोण कोठे गेले, कशाने, किती वेळ लागला, किती पैसे लागले आणि कोण गाडीअभावी घरी राहिले. लिहिता न येणाऱ्या आजीचा प्रवास नातवाने लिहावा. वस्तीच्या वह्या एकत्र करून त्यांची बेरीज विहारात मांडू. ती बेरीज घेऊन प्रथम ग्रामसभेत ठराव मांडावा आणि मग ठरावाची प्रत आगारप्रमुखाकडे न्यावी. वह्या तपासण्यास आणि बेरजा करण्यास ज्या तरुण-तरुणींना वेळ देता येईल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे.