आपण दिलेली टाकी

(सीबीडी बेलापूर येथे मंडळीच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन वर्षांपूर्वी चिंबोरीची पिल्लं तयार करण्यासाठी आपण आम्हाला एक टाकी घेऊन दिलीत. तिच्यात एकही पिल्लू झालं नाही. का झालं नाही ते सांगायला आज उभा आहे, कारण चूक माझी होती.

बेत सोपा वाटला होता. आपल्या कातकरी भगिनी तिवरांच्या मुळांशी चिखलात लोखंडी आकडी घालून चिंबोऱ्या काढतात. पूर्वीसारख्या मिळत नाहीत, असं त्या सांगतात. मग पिल्लं आपणच का वाढवू नयेत? एका कोळी बांधवाच्या जाळ्यात पोटाखाली अंडी धरलेली मादी आली, ती विकत घेतली. टाकीत खाडीचं पाणी भरलं. दिवस जुलैचे होते. नारिंगी अंडी हळूहळू काळपट झाली आणि एका पहाटे पाण्यात धूळ उधळावी तसे असंख्य जीव दिसले. आम्ही आनंदलो. संध्याकाळपर्यंत ते सगळे तळाला बसले होते.

वाडीतल्या आजी टाकीत डोकावून म्हणाल्या, "भाऊ, ओढ्यातल्या खेकडीची पिल्लं तर आईच्या पोटाखालीच असतात. हिनं अशी का सोडली?"

उत्तर त्या प्रश्नातच होतं. ओढ्यातली, शेतातली खेकडी मोजकी, मोठी अंडी घालते. त्यातून थेट छोटा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईला बिलगून राहतो. (पिल्लं आईचं पोट फाडतात म्हणतात, ते खोटं.) खाडीची चिंबोरी मात्र लाखांनी अंडी धरते आणि ती सोडायला खाडीबाहेर समुद्राकडे जाते. तिच्या अंड्यातून खेकडा निघत नाही. निघते ती काटेरी, डोळ्यांत न मावणारी अळी. शास्त्रज्ञ तिला झोइया म्हणतात. ती पाच वेळा रूप पालटते, त्यात अडीच-तीन आठवडे जातात. मग मेगालोपा होते, आणि तिच्यातून पुढे नखापेक्षाही लहान खेकडा.

हे आठवडे पाण्यावर तरतात. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि झोइयाला साधारण तेवढंच खारं पाणी लागतं. पाणी २७ ते ३० अंशांचं हवं. थंड झालं की कात टाकणं लांबतं. उरलेलं खाद्य सडलं की अमोनिया आणि जिवाणू वाढतात. मेगालोपाला कमी मीठ चालतं, म्हणूनच ती खाडीकडे परतते. पण तिथवर पोचलेल्यांतल्या बऱ्याच एकमेकींनाच खातात!

आता आमचं पाणी पाहा. पनवेलच्या खाडीत पावसाळ्यात गाढी, कासाडी या नद्यांचं गोडं पाणी लोटतं. मे महिन्यात तोंड वेडंवाकडं करायला लावणारं पाणी जुलैत जवळजवळ पिता येईल असं लागतं. ते मी न मोजता भरलं. आई तेवढं सोसते, अळी नाही.

तामिळनाडूत सिरकाळीजवळ राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राची हॅचरी आहे. तिथे पाणी गाळून, निर्जंतुक करून, जिवंत सूक्ष्म खाद्य वाढवून हे काम चालतं. एवढं करूनही जन्मलेल्यांतल्या फार थोड्याच पिल्लांपर्यंत पोचतात. आपल्या वाडीत ते जमेल असं मी यापुढे म्हणणार नाही.

राज्याच्या कांदळवन कक्षाच्या २०१७ च्या उपजीविका योजनेतही खेकडापालन आहे. त्याच वाटेनं आम्ही चाललो आहोत. नुकतीच कात टाकलेल्या, आतून पोकळ चिंबोऱ्या आणायच्या आणि तीन-चार आठवडे खाऊ घालून भरवायच्या. टाकीत आता त्याच असतात. या कामी मला आपल्याकडून एकच वस्तू हवी आहे, पाण्याचा खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. दोन थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावायचं, बस्स.

आणि पोटाखाली अंडी दिसलेली मादी विकायची नाही, असं आजींनी वाडीत ठरवून घेतलं आहे. अशा चिंबोरीला बाजारात चांगला भाव असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेला एक मिळाली. त्या दिवशी टोपलीत तेवढीच होती. ओहोटी लागल्यावर तिनं ती पाण्यात सोडली, आणि घरी रिकाम्या हातानं गेली.