काम घरून, पण एकटीनं नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



२०२० च्या टाळेबंदीत ‘घरून काम’ ही गोष्ट ऑफिसांना नवी वाटली. बायकांना ती नवी नाही. सोलापुरात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला. तिथं बाई केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेते आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देते. काम घरी, पण भेट केंद्रावर. टाळेबंदीत आपली नेमकी ही भेटच गेली.

आमचं सल्लाकेंद्र बंद झालं आणि फोन घरी येऊ लागले. कुकरच्या शिट्ट्यांत मी मार खाल्लेल्या बाईशी बोलत होते. पूर्वी अशा वेळी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चेहरा पाहूनच चहा पुढे करायची. घरी हे कोणाला सांगणार? घरच्यांना सांगणं म्हणजे त्या बाईचा विश्वास मोडणं.

दर सोमवारी फोनवर बैठक व्हायची. केसेस किती, पोलिसात किती, कोर्टात किती. आमची एक सहकारी ‘माझं ठीक आहे’ एवढंच म्हणायची. चार महिन्यांनी कळलं, तिला स्वतःलाच घरी मारहाण होत होती. तिच्या परवानगीनं हे सांगते आहे. नवरा दाराआड उभा असताना ती इतर बायकांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावत होती! फोन करणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही आधी विचारतो, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ आपल्याच मैत्रिणीला मात्र हे विचारलं नाही. तिच्याकडून फक्त आकडे घेतले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येकीची एक जोडीदारीण. दोघींनी रोज बोलायचं, आणि पहिला प्रश्न तोच, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येईल असा. जड गेलेली केस त्याच दिवशी अनुभवी सहकारीशी बोलायची, रात्रभर एकटीनं उशाशी घ्यायची नाही. आणि आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी केंद्रावर यायचं, प्रवासखर्च संस्थेचा. टाळेबंदी उठली तरी आमच्यातल्या काही जणी अजून घरूनच काम करतात. म्हणून हे तिन्ही नियम आजही चालू आहेत.

ह्याला कोणी गप्पांत वेळ घालवणं म्हणेल. म्हणू दे. एकटी पडलेली कार्यकर्ती दुसरीला आधार कुठून देणार? आज घरी गेल्यावर ‘माझं ठीक आहे’ म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला एक फोन करा. कामाचं काही विचारू नका.