राहिलेला गृहपाठ

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टर नाही, जीवशास्त्राची तर नाहीच. तरी आज विषाणूंवर बोलणार आहे, कारण दहावीत सरांनी मला एक गृहपाठ दिला होता आणि तो दाखवायचा राहिलाय. सर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणजे आता सुटका नाही.

त्या वर्षी गावात लाळ्या-खुरकूत आला होता. आमच्या संकरित गायीच्या तोंडात फोड आले, खुरात जखमा झाल्या, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या. दादांनी लस टोचून घेतली नव्हती. लसीनं दूध आटतं, असं पारावर कुणीतरी सांगितलेलं. दूध आटलंच, आणि महिन्याचं वासरू एका सकाळी दावणीला मरून पडलं. त्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. मी विचारलं, "सर, लाळ्याच्या विषाणूतही असंच असतं का?" सर म्हणाले, "त्यात डीएनएच नाही, नुसता आरएनए. मग तो स्वतःच्या प्रती कशा काढतो, ते शोध आणि मला सांग."

तर सर, सांगते.

दारात आपला दहावीचा ग्रुप फोटो लावलाय, तो घ्या. त्या काळी फोटोग्राफर फोटो द्यायचा आणि निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायचा. निगेटिव्हमध्ये आपले पांढरे शर्ट काळे, मुलींच्या काळ्या वेण्या पांढऱ्या. ती बघून कोण कुठला ते ओळखू यायचं नाही, पण तिच्यावरून हवे तेवढे फोटो निघायचे. आरएनए विषाणूंचंही तसंच आहे. काही विषाणू फोटो घेऊन येतात, काही निगेटिव्ह.

अडचण दोघांची एकच. आपल्या काय, गायीच्या काय, पेशीत डीएनएवरून आरएनए काढणारं यंत्र असतं. आरएनएवरून आख्ख्या आरएनएची नक्कल काढणारं यंत्र विषाणूला तिथे तयार मिळत नाही. ते त्यानं बरोबर आणायचं, नाहीतर त्याची कृती तरी आणायची.

लाळ्याचा विषाणू कृती आणतो. त्याचा आरएनए साधारण सव्वाआठ हजार अक्षरांचा, आणि तो फोटो आहे. म्हणजे तोच संदेशवाहक आरएनए. पेशीतला रायबोसोम त्याला घरचाच निरोप समजून वाचायला लागतो. एक लांबच लांब प्रथिन तयार होतं, त्याचे तुकडे पडतात, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे नक्कल काढणारं यंत्र. ते यंत्र फोटोवरून थोड्या निगेटिव्ह काढतं आणि त्या निगेटिव्हवरून ढिगानं फोटो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात पुरंदरमधल्या बेलसरला सापडलेला झिका, हे सगळे फोटोवाले.

आता तिवा. गाय तापानं फणफणते, लंगडते, तीन दिवसांनी उठते. तिव्याचा विषाणू रेबीजच्या कुळातला, निगेटिव्हवाला. रायबोसोमला निगेटिव्ह वाचताच येत नाही, त्यामुळे नुसती कृती आणून भागत नाही. हा गडी यंत्रच खिशात घालून येतो. मला प्रोग्रॅमर म्हणून हे फार आवडलं.

आणि पुढचं त्याहून आवडलं. त्या एकाच यंत्राला दोन कामं असतात: एकेका जनुकाचा सुटा संदेशवाहक आरएनए काढायचा, आणि आख्खी नक्कलही काढायची. कधी कुठलं, हे ठरतं कसं? आपली पुण्याहून सुटणारी दौंड शटल डोळ्यांपुढे आणा. यंत्रं एकाच टोकाला चढतात. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव असं प्रत्येक स्टेशनाला थोडी उतरून जातात, आणि मध्ये चढायची सोय नाही. म्हणून पहिल्या जनुकाच्या प्रती सगळ्यांत जास्त, शेवटच्याच्या सगळ्यांत कमी. पहिलं जनुक आरएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनाचं, ते भरपूर लागतं. शेवटचं खुद्द यंत्राचं, ते थोडं पुरतं. गुंडाळणारं प्रथिन पुरेसं साठलं, की नवा आरएनए निघता निघताच त्यात गुंडाळला जातो, आणि यंत्र मधल्या स्टेशनांवर थांबणं सोडून देतं. शटलची एक्स्प्रेस होते आणि आख्खी नक्कल निघते. साहेब कुणी नाही, वेळापत्रक नाही, सगळा हिशेब एका प्रथिनाच्या साठ्यावर.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातल्या शाळा ज्यानं बंद पाडल्या तो स्वाइन फ्लूही निगेटिव्हवाला, आठ तुकड्यांत. तो तर चोर आहे. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक टोपी असते. तो ती कापून आपल्या आरएनएला चढवतो, मग रायबोसोमला काही शंका येत नाही.

ही यंत्रं सहसा केलेलं काम तपासत नाहीत. चुका राहतात, विषाणू बदलत जातो. लाळ्याचे सात प्रकार आहेत. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन असतात, आणि ती दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. करोनाचा आरएनए जवळपास ३०,००० अक्षरांचा. त्याच्याकडे चुका खोडणारा एक तपासनीस आहे, तरीही तो बदललाच.

२०२१ मध्ये आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला होता, आठवतो? "लसीतला आरएनए आपल्या जीनमध्ये घुसतो." तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रांत मिळत होत्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. पहिलीत दुसऱ्या एका विषाणूचा डीएनए, दुसरीत मारलेला विषाणू. मेसेजमधली लस गावात आलेलीच नव्हती. आरएनएवरून डीएनए करून आपल्या जनुकांत घुसणारा एचआयव्ही आहे खरा, पण त्यासाठी त्याच्याकडे वेगळंच यंत्र आहे. लसीत ते नसतं.

भारतातली पहिली संदेशवाहक आरएनए लस आली जून २०२२ मध्ये, आपल्या पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची. तिच्यात चिकुनगुनियाच्या कुळातल्या विषाणूचं नक्कल काढणारं यंत्र वापरलंय. विषाणूच्या कवचाची जनुकं काढून तिथे करोनाच्या काट्याचं जनुक बसवलं. आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, पण कवच नाही म्हणून विषाणू होऊन बाहेर पडू शकत नाही. काही काळानं मोडून जातो. ज्या युक्तीनं आमचं वासरू गेलं, जवळपास तीच युक्ती.

दादांना मी त्या वासराची आठवण दिली, ते मुकाट्यानं टोचून आले. ग्रुपवर मात्र मी काही लिहिलं नाही. अर्धा तास टाइप केलं आणि पुसून टाकलं. वाद नको, लोक म्हणतील आली मोठी शहाणी. आपल्यातले दोघं आज इथे नाहीत. तो मेसेज वाचूनच त्यांनी लस टाळली, असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी पुसलं ते बरंचसं हेच होतं.

सर, वही टेबलावर ठेवते. आकृत्या आहेत, तपासा.