सोहोमधील दुसरा मार्क्स

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लंडनच्या सोहो भागात डीन स्ट्रीट नावाचा एक अरुंद रस्ता आहे. १८५१ ते १८५६ या काळात कार्ल मार्क्स तेथील २८ क्रमांकाच्या घरात, दोन खोल्यांमध्ये, आपल्या कुटुंबासह राहत होता. कार्यकर्त्यांना हे ठाऊक असते. त्या घरापासून थोड्याच अंतरावर जेरार्ड स्ट्रीट आहे आणि तेथे शंभर वर्षांनंतर दुसऱ्या एका मार्क्सने आपला स्टुडिओ थाटला. उच्चार सारखा असला तरी या आडनावाची अक्षरे इंग्रजीत निराळी, आणि दोघांचे नाते तर काहीच नाही. या दुसऱ्या मार्क्सचे नाव जॉर्ज हॅरिसन मार्क्स. स्त्रियांची विवस्त्र छायाचित्रे काढावयाची आणि मासिकांतून विकावयाची, हा त्याचा व्यवसाय होता.

अभ्यासवर्गात असा विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. अश्लीलतेचा प्रश्न निघाला की चळवळीतली माणसे बहुधा दोन तट करतात. एक तट बंदी मागतो, दुसरा कलावंताच्या स्वातंत्र्याचा जयघोष करतो. कापडगिरणी असो वा साखर कारखाना, श्रम कोणाचे आणि नफा कोणाचा हा प्रश्न जे सर्वप्रथम विचारतात, तेच लोक येथे मात्र तो विचारावयाचे विसरतात. हॅरिसन मार्क्सची कारकीर्द त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

त्याचा जन्म १९२६ साली उत्तर लंडनमधील टॉटनम येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी तो एका जोडीदाराबरोबर व्हरायटी रंगमंचावर विनोदी नकला करीत असे. कामगार वस्तीतील माणसांना एका तिकिटात गाणी, नाच, जादू आणि विनोद असे सारे काही देणारा हा रंगमंच दुसऱ्या महायुद्धानंतर मरणपंथाला लागला होता. पुढे दूरदर्शनने तर त्याचा निकालच लावला. पोटाची सोय म्हणून मार्क्सने १९५१ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि नटनट्यांची, नाचणाऱ्या मुलींची छायाचित्रे काढू लागला. बुडत्या धंद्यातला हा कारागीर होता. त्याला राक्षस ठरवून विषय निकालात काढणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही.

नाचणाऱ्या मुलींपैकी एक होती पामेला ग्रीन. तिचा जन्म १९२९ चा. सेंट मार्टिन्स या कलाशाळेत ती चित्रकला शिकत होती, आणि शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसत असे. मार्क्स आणि ग्रीन एकत्र राहू लागले. १९५७ साली दोघांनी मिळून ‘कामेरा’ हे खिशात मावणारे छोटे मासिक काढले. सोहोच्या पुस्तकविक्रेत्यांकडे ते झपाट्याने खपू लागले आणि छायाचित्रांचे संच टपालानेही जाऊ लागले. अंकावर नाव झळकले ते हॅरिसन मार्क्सचे. परंतु पाठीमागचे पडदे रंगवणे, देखावे उभारणे, मुलींची रंगभूषा करणे आणि शिवाय स्वतः कॅमेऱ्यापुढे उभे राहणे, ही सारी कामे ग्रीनची होती. तिची कलाशाळेतली विद्या या मासिकाच्या पानापानावर खर्च झाली.

तांबड्या केसांची ‘रीता लांद्रे’ नावाची एक परदेशी सुंदरीही ‘कामेरा’त दिसत असे. ही रीता म्हणजे निराळा केशसंभार केलेली ग्रीनच. वाचकाला नवा चेहरा हवा असतो आणि बाजाराला नवा माल. एकाच कामगार स्त्रीने दोन नावांनी दोन पाळ्या केल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडच्या नाट्यगृहांवर त्या काळी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची सत्ता चाले. रंगमंचावर विवस्त्र स्त्री उभी राहिली तर चालेल, मात्र तिने पुतळ्यासारखे स्तब्ध राहिले पाहिजे, हलता कामा नये, असा त्याचा दंडक होता. ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील विंडमिल थिएटर १९३२ पासून याच नियमावर चालले. स्त्रीने हालचाल केली की ती माणूस होते, आणि माणूस झाली की नीती धोक्यात येते! १९६८ च्या कायद्याने रंगभूमीवरील ही देखरेख संपली. छायाचित्राला मात्र तिचा कधीच अडथळा नव्हता. ते मुळातच निश्चल असते.

छापील मजकुराचा कायदा वेगळा. १८५७ साली पहिला अधिनियम झाला, आणि १८६८ च्या हिक्लिन खटल्यात न्यायमूर्तींनी कसोटी घालून दिली: ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती ज्यात असेल, ते अश्लील. १९५९ च्या कायद्याने संपूर्ण कृती विचारात घ्यावी, लोकहिताचा बचाव मान्य करावा, अशा सुधारणा केल्या. तरीही कोणाचे मन कशाने बिघडेल हे न्यायाधीशाच्या मर्जीवरच राहिले. व्यापाऱ्याने या संदिग्धतेचे सरळ माप काढले. रिटचिंग करणारा कारागीर ब्रश घेऊन बसे आणि शरीराचा जो भाग खटला ओढवील तो फोटोवरून पुसून टाकी. जे उरे ते निर्दोष म्हणून विकले जाई, आणि जे पुसले त्याच्या कुतूहलापोटी पुढचा अंक खपे. बंदी ही या धंद्याची शत्रू नव्हती, त्याचे खेळते भांडवल होती.

दिग्दर्शक मायकेल पॉवेल याच्या ‘पीपिंग टॉम’ (१९६०) या चित्रपटात हे फार नेमके दाखवले आहे. वर्तमानपत्रे विकणाऱ्या एका दुकानात एक वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थ येतो, इकडेतिकडे पाहून ‘तसली’ चित्रे मागतो आणि शैक्षणिक पुस्तके असे छापलेल्या पाकिटात ती घेऊन जातो. या चित्रपटात मॉडेलची एक भूमिका पामेला ग्रीननेच केली आहे. इंग्रज समीक्षकांनी चित्रपटावर इतका विखारी हल्ला केला की पॉवेलची इंग्लंडमधील कारकीर्द जवळजवळ मोडली. पाकीट विकणारी दुकाने मात्र सुखेनैव चालू राहिली.

हिक्लिनची हीच कसोटी साम्राज्याबरोबर भारतात आली. लंडनच्या ज्यूरीने १९६० साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या प्रकाशकाला निर्दोष सोडले, तर त्याच पुस्तकाच्या विक्रीबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. चंद्रकांत काकोडकरांना ‘श्यामा’ या कथेपायी १९६९ पर्यंत न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते सुटले. सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी टाकून दिली ती २०१४ साली. कायद्याच्या या इतिहासात लेखक आणि विक्रेते वारंवार सापडतात. भांडवलदार क्वचितच सापडतो.

मार्क्सने १९६१ साली ‘नेकेड ॲज नेचर इन्टेन्डेड’ हा चित्रपट काढला. सेन्सॉरने विवस्त्र देह दाखवण्यास एकच सवलत ठेवली होती: निसर्गवादी पंथाच्या शिबिरात, आरोग्याच्या नावाखाली. म्हणून या चित्रपटात काही मुली सहलीला निघतात, इंग्लंडची प्रेक्षणीय स्थळे पाहत पाहत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोहोचतात आणि अखेरीस त्यांना सूर्यस्नानाचे महत्त्व पटते. बराचसा चित्रपट म्हणजे पर्यटनखात्याची जाहिरात. ज्या पाच-दहा मिनिटांसाठी तिकीट काढले ती शेवटी!

येथे महाराष्ट्रातील वाचकाला र. धों. कर्व्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्या’तून कर्वे विवस्त्र चित्रे छापीत, नग्नतेची लाज ही आरोग्याची शत्रू आहे असे उघड म्हणत. त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. चित्र तेच, युक्तिवादही वरवर तोच. परंतु कर्व्यांनी आपल्या मतांसाठी महाविद्यालयातील नोकरी गमावली आणि मासिक पदरमोड करून चालवले. मार्क्सने ते मत बाजारातून भाड्याने आणले आणि काम होताच परत केले. या दोघांत फरक करू न शकणारा कायदा नीतीचे रक्षण करतो, असे म्हणणे हा केवळ विनोद आहे.

एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे. हा मनुष्य मांजरांची छायाचित्रेही फार सुरेख काढी. हाताला कसब होते. ते कोणत्या विषयावर खर्चावयाचे हे बाजाराने ठरवले.

ग्रीन आणि मार्क्स यांचा सहवास १९६१ च्या सुमारास संपला आणि काही वर्षांनी भागीदारीही मोडली. १९७० साली मार्क्सचे दिवाळे वाजले. १९७१ साली अश्लील माल टपालाने पाठवल्याबद्दल ओल्ड बेलीच्या न्यायालयात त्याला उभे राहावे लागले. त्याच सुमारास स्कॉटलंड यार्डच्या अश्लील साहित्यविरोधी पथकात काय चालले होते, ते पुढे उघडकीस आले. पथकाचे अधिकारी सोहोच्या दुकानदारांकडून नियमित हप्ते घेत, आणि धाडीत पकडलेला माल त्याच धंद्यात परत विकला जाई. १९७७ साली पथकाचा प्रमुख बिल मूडी याला १२ वर्षांची शिक्षा झाली. नीतिरक्षणाचे खाते हे धंद्याचे परवाना-खाते बनले होते. पोलिसांच्या हाती अश्लीलतेची व्याख्या सोपवा अशी मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा. १९८६ साली भारतात स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. त्यामागची स्त्री संघटनांची चीड खरीच होती. परंतु धाड कोणावर पडते आणि हप्ता कोण भरतो हा प्रश्न कायदा करून मिटत नाही.

दिवाळ्यानंतर मार्क्स दुसऱ्याच्या पैशावर काम करू लागला. १९७७ चा ‘कम प्ले विथ मी’ हा चित्रपट त्याने लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः एक विनोदी भूमिका केली. जुन्या व्हरायटीतली थट्टामस्करी त्याने त्यात ओतली. पैसा मात्र डेव्हिड सलिव्हन या तरुण मासिक-मालकाचा होता. सलिव्हनने आपल्या मासिकांतून अशी जाहिरात केली की चित्रपटात जे नाही तेच पाहावयाला लोक रांगा लावून आले. ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील मूलँ चित्रपटगृहात तो एप्रिल १९७७ पासून मार्च १९८१ पर्यंत सलग चालला. ज्या मेरी मिलिंग्टनचे नाव घेऊन जाहिरात झाली, ती पोलिसांच्या धाडी आणि करवसुलीचा तगादा यांनी खचली. ऑगस्ट १९७९ मध्ये तिने आत्महत्या केली. वय ३३. तिच्यामागे दीड वर्षाहून अधिक काळ तो चित्रपट त्याच पडद्यावर चालू होता आणि तिकिटे विकली जात होती.

सलिव्हन पुढे फुटबॉल संघांचा मालक झाला. मार्क्सने १९८२ साली छडीच्या शिक्षेचे आकर्षण असणाऱ्यांसाठी ‘केन’ हे मासिक काढले आणि त्यावर उर्वरित आयुष्य काढले. १९९७ साली तो वारला. ग्रीन आइल ऑफ वाइट या बेटावर राहावयास गेली. तेथे ती गावातल्या महिला मंडळात जात असे. २०१० साली तिचे निधन झाले.

या साऱ्यांत खरा शहाणा ठरला तो पॉल रेमंड. तोही व्हरायटीच्या रंगमंचावरूनच आलेला, मनकवडेपणाचे प्रयोग करणारा. १९५८ साली त्याने सोहोत रेव्ह्यूबार उघडला आणि तो सभासदांचा खाजगी क्लब असल्याचे दाखवून लॉर्ड चेंबरलेनचा ‘हलू नका’ हा हुकूम चुकवला. पुढे त्याने मासिकेही घेतली. परंतु त्याची खरी दृष्टी दुसरीकडे होती. १९७० च्या दशकात, पोलिसांच्या भानगडींनी सोहो बदनाम झाले असताना, त्याने तेथील घरे आणि जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. छायाचित्र शिळे होते, मॉडेलचे वय वाढते, मासिक बंद पडते, छायाचित्रकाराचे दिवाळे निघते. जमिनीला यातले काहीच होत नाही. २००८ साली रेमंड मेला तेव्हा तो इंग्लंडमधील गडगंज श्रीमंतांपैकी एक होता. सोहोतील अनेक रस्त्यांवरील दुकानांचे आणि उपाहारगृहांचे भाडे त्यानंतर त्याच्या वारसांच्या कंपनीकडे जमा होऊ लागले.