घारीची वाट

भर दुपारी जामसंड्याच्या सड्यावर जरा मान वर करून बघा. खाली कातळ तापलेला आणि वर घार पंख न हलवता गोल गोल चढतेय. वळताना नुसती शेपटी किंचित पिळते. किती सुंदर! पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातली बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडरही, अशाच वर चढणाऱ्या गरम हवेवर उंची कमावतात.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत तर ठरलेल्या ठिकाणांना वळसे घालत कधी 300, कधी 500 किलोमीटर कापायचे असतात. ऊन कडक असलं की वैमानिक पंखांत चक्क पाणी भरतात, कारण जड ग्लायडर जास्त वेगानं पुढं जातो. हवा मंदावली की तेच पाणी आकाशात सोडून द्यायचं. 2003 साली वैमानिक क्लाउस ओलमान यांनी ग्लायडरमधून अँडीज पर्वतावरच्या वाऱ्याच्या लाटांवर 3,009 किलोमीटरचं उड्डाण केलं. तेही एका दिवसात!