काटा कुणी दिला?

(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी मला चार पुस्तके वाचावी लागली. तेवढे सांगते.

माझ्या धाकटीने एकदा विचारले, "आई, निवडुंगाला काटे का गं असतात?" मी पोळ्या लाटता लाटता सांगून टाकले, "गुरांनी खाऊ नये म्हणून त्याने पाने टाकली आणि काटे घेतले." तिने तेच पेपरात लिहिले आणि गुण गेले. बाईंनी शेजारी लिहिले होते, 'झाड ठरवून काही करत नाही.' मुलीपुढे मला खाली पाहावे लागले. मग मनात आले, झाड ठरवत नाही, तर ठरवते कोण?

आपण बांधाला कुंपण म्हणून लावतो तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. तिकडे सोनोरा नावाचे वाळवंट आहे. तिथला साग्वारो निवडुंग चाळीस फुटांपर्यंत वाढतो, दीडशे वर्षांहून अधिक जगतो. पण पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम दीड इंच! एका फळात सुमारे २००० बिया असतात. त्यांतून मोठी होणारी रोपे अगदी मोजकी. बाकीची उन्हाने करपतात, नाहीतर पाखरे आणि उंदीर खातात.

आता पाहा, एका आईची लेकरे एकसारखी नसतात. रोपांचेही तसेच. एखाद्याचे पान जन्मतःच जरा अरुंद, एखाद्याचे टोक जरा अधिक कठीण. ओले लुगडे पसरले की लगेच वाळते, घडी करून ठेवले तर ओलेच राहते. तसेच पसरट पानातून पाणी लवकर उडून जाते. शिवाय वाळवंटात तहानलेली जनावरे रसाळ झाडावर टपलेली. म्हणून ज्याचे पान लहान आणि टोक बोचरे, ते रोप जरा जास्त तगले. त्याला बी धरले, आणि आईचा गुण लेकरांत उतरला. असे लाखो वर्षे चालले, तेव्हा पानाचा काटा झाला. अन्न करण्याचे पानाचे काम हिरव्या खोडाने घेतले. दाट काट्यांची खोडावर थोडी सावलीही पडते.

यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली ती ग्रंथ लिहून मांडली. निवड म्हटले की निवडणारा कोणी असेल असे वाटते. पण आपली पिठाची चाळणी घ्या. तिला पिठाची माया नाही आणि कोंड्याचा रागही नाही. भोके जेवढी, तेवढेच खाली पडते. ऊन आणि जनावरे ही वाळवंटाची चाळणी.

डार्विन १८३५ साली गालापागोस बेटांवर गेले होते. तिथल्या ज्या बेटांवर मोठी कासवे निवडुंग खातात, तिथे तो झाडासारखा उंच वाढतो. कासवे नसलेल्या काही बेटांवर तोच बुटका असून त्याचे काटे मऊ आहेत.

आणखी एक गंमत. मोडला की पांढरा चीक येतो तो आपला तिधारी निवडुंग अमेरिकेतल्या निवडुंगाचा सोयराही नाही. तो एरंडाच्या कुळातला. त्याचे काटेही पानाचे झालेले नाहीत, पानाच्या बुडाशी येणाऱ्या लहान उपांगांचे आहेत. घराणी दोन, मुलूख दोन. पण चाळणी सारखी, म्हणून रूपही सारखे झाले. आपण तर दोघांना एकच नाव देऊन बसलो!

करपून गेलेल्या रोपांचा काही दोष नव्हता आणि जगलेल्यांनी पराक्रम केला असेही नाही. हे कळल्यापासून काटा पाहिला की मला त्याच्यामागे गेलेली असंख्य रोपे आठवतात.

भगिनींनो, मुले विचारतात तेव्हा आपण हातातले काम सुटू नये म्हणून काहीतरी सांगून मोकळ्या होतो. त्यापेक्षा "मला ठाऊक नाही, आपण दोघी मिळून शोधू" असे म्हणावे. यात आईपणाला कमीपणा नाही. मी आता तसेच म्हणते, आणि धाकटी आणखी विचारते.